हात कोणी लावला

कॉम्प्युटर मंदावला तो गणपतीनंतर, आणि दसरा होऊन दोन-चार दिवस झाले नाहीत तोवर माझा नवरा जयराम आमच्या नीरजाचे हात बांधायला लागला होता. नीरजा तेव्हा साडेतीन वर्षांची.

मस्कतची नोकरी सोडून जयरामने तो कॉम्प्युटर मालवणात आणला होता. पुढच्या पडवीला काचा बसवून घेतल्या, बाहेर क्लासची पाटी लावली. संध्याकाळी कॉलेजची मुलं यायची, चपला पायरीवर काढायची आणि एका बाकावर दाटीवाटीने बसून त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहायची. सुरुवातीला आळीतली माणसंसुद्धा काचेला नाक लावून बघून जात.

मग मशीन कण्हायला लागलं. एक आज्ञा द्यायची आणि वाट बघायची. एका संध्याकाळी ते इतका वेळ नुसतंच घरघरत राहिलं की बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, ह्याका बैल जुपूया काय?"

सगळे हसले. जयरामही हसला. पण मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्याचे कान लाल झाले होते.

पहिला संशय त्याने खाऱ्या वाऱ्यावर घेतला. मशीनचं झाकण काढून आतली धूळ ब्रशने झाडली, टेबलावरचा दिवा आत धरून ऊब दिली, मशीन खिडकीपासून लांब नेलं. फरक पडला नाही. मग विजेवर संशय. नवा स्टॅबिलायझर आला, तरी तेच. शेवटी त्याने कीबोर्ड उलटा करून आपटला, तेव्हा खडीसाखरेचा एक खडा आणि दोन मुंग्या खाली पडल्या.

"हां," तो म्हणाला. "सापडला."

खडीसाखर नीरजाला तिची आजी देते. जयरामची आई, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. नीरजाने कधी कीबोर्डला हात लावलाच नाही, असं मी म्हणत नाही. पण साखरेने एखादं अक्षर अडकेल, आतली डिस्क कशी मंद होईल? मी तसं बोलले.

"तुया बी.एस्सी. खंयच्या विषयात गो?" त्याने विचारलं.

"प्राणिशास्त्र."

"मगे बेडूक फाड."

त्यानंतर आठवड्याभरात तो ठिपका आला. क्लास भरलेला असताना पडद्यावर एक पांढरा ठिपका उगवला आणि अक्षरांमधून तिरका धावत, कडांना आपटून परत फिरत हिंडायला लागला. जयराम कळा दाबत होता, ठिपका काही थांबत नव्हता. दारात उभी असलेली नीरजा टाळ्या पिटायला लागली. "बॉल! आई, बॉल बघ!"

मुलं पुन्हा हसली.

मुलं गेल्यावर जयरामने परसातून सुंभ आणला. नीरजाची दोन्ही मनगटं एकत्र धरून बांधली आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. ओरडला नाही, मारलं नाही. पार्सल बांधावं तसं नीट, गाठ तपासून बांधलं. मला भीती वाटली ती त्या नीटपणाची.

"क्लास चालू आसा तवसर रोज अशीच बांधून ठेव," तो म्हणाला. "माका बरा वाटता असा समजू नको. पन दुसरो उपाय नाय."

अक्का शेजारी बसून नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही.

मी जुन्या लुगड्याची चिंधी सुंभाखाली सारत असे, त्याचं लक्ष नसेल तेव्हा गाठ सैल करत असे. तरी लाल वळ उठायचेच. मग एका सकाळी मांजराने दुधाचं पातेलं लवंडलं. नीरजा तिथे नव्हतीसुद्धा. आवाज ऐकून ती अंगणातून धावत आली, सांडलेलं दूध बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे धरली.

"मिया केलंय," ती म्हणाली.

त्याच दिवशी मी तिला एस.टी.ने मिठबावला नेऊन माझ्या आईकडे ठेवली. जयरामला म्हटलं, "चेडू आता घरात नाय. बघूया, मशीन सुधारता काय."

"बघूया," तो म्हणाला. त्याला खात्री होती की सुधारेल.

मी मात्र शोधायला बसले. पुण्याच्या मैत्रिणीने पाठवलेल्या एका इंग्रजी मासिकात एक पान होतं: एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात फ्लॉपीबरोबर जाणाऱ्या रोगाबद्दल. कोणीतरी मुद्दाम लिहिलेला प्रोग्रॅम. फ्लॉपीच्या सुरुवातीलाच दबा धरून बसतो, तीच फ्लॉपी आत ठेवून मशीन सुरू केलं की मशीनमध्ये शिरतो, आणि पुढे जी जी फ्लॉपी घालाल तिच्यात उतरतो. मला ते विरजणासारखं वाटलं. शेजारणीचं एक चमचा नासकं विरजण आणलं की आपलं दही बिघडतं, आणि आपल्याकडून जी नेईल तिचंही.

आमच्याकडे विरजण कोणी आणलं? जयरामचा मित्र बाबू पणजीला एका कचेरीत आहे. तो गणपतीला आला तेव्हा खेळांच्या दोन फ्लॉप्या घेऊन आला होता. आरती झाल्यावर दोघे त्यावर विमानं पाडत बसले होते.

दुपारी जयराम पडला असताना मी मशीन बंद केलं, बाबूची फ्लॉपी घातली आणि चालू केलं. कितीतरी वेळ काही झालं नाही. मी उगाच फायलींच्या याद्या काढत राहिले, मशीन कण्हत राहिलं. मग ठिपका उगवला.

मी जयरामला हाक मारली. तो डोळे चोळत आला.

"बघा. नीरजा मिठबावात आसा, आणि ह्यो बॉल हंय आसा."

त्याने दोन-तीन कळा दाबून बघितल्या. "जावच्या आधी करून गेला आसतला ता."

"अहो, बाबूच्या फ्लॉपीतून इलो ह्यो रोग."

"बाबू माझो दोस्त. तो माका घाण आणून देयत?"

तरीही त्याने ते पान वाचलं. दोनदा वाचलं. उपाय तिथेच लिहिला होता: कंपनीतून आल्यापासून जिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही अशी स्वच्छ फ्लॉपी घालून मशीन सुरू करा, आणि तिच्यावरचा मूळ प्रोग्रॅम मशीनमध्ये नव्याने उतरवा. तशी आमच्याकडे एकच होती. मशीनबरोबर मस्कतहून आलेली, बाजूच्या खाचेवर काळी पट्टी चिकटवलेली. पट्टी असली की तिच्यावर काही लिहिता येत नाही. जयरामचा चेहरा उजळला. "देवाकडे आसा ती!" म्हणत तो उठला. खंडेनवमीला कोयता, नारळ खवायची आडोळी, पेचकस यांच्याबरोबर त्यानेच ती पाटावर मांडली होती, आणि पूजेनंतर ती देवघरातच राहिली होती.

त्याने ती पाकिटातून बाहेर काढली.

फ्लॉपीच्या काळ्या कव्हरला एक लांबट खिडकी असते. तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. मशीन तेवढ्यातूनच वाचतं. त्या खिडकीत हळद होती, हळदीशेजारी कुंकू, आणि एक अक्षत चिकटलेली.

आमच्याकडे हत्याराला कुंकू लावायचं ते मुठीला नाही, पात्याला. त्या वस्तूला पातं शोधायचं झालं तर ती खिडकीच.

जयरामने लुंगीच्या टोकाने पुसलं. कुंकू आणखी आत पसरलं. तशीच घातली, तर मशीन खरखरलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा घातली. पुन्हा नाही.

"कोणी हात लायल्यान हेका?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"नीरजा," त्याचं त्यानेच उत्तर दिलं. "त्या दिवशी बोटां तांबडी होती तिची. मिया बघलेलंय."

सणाच्या दिवशी कुठल्या मुलाची बोटं तांबडी नसतात? आणि पोराने फासलं असतं तर ते असं नसतं. आधी हळद, मग कुंकू, एकमेकांना न लागता, अनामिकेच्या टोकाएवढे दोन गोल. तो सवयीचा हात होता.

"अक्का," मी म्हटलं.

"माका काय म्हायत?" ती आतूनच म्हणाली. "मिया त्या वस्तूक शिवतंय काय?"

मी पाणी काढायला बावीवर गेले तेव्हा ती मागून आली आणि तिने माझा पदर धरला.

"मियाच लायलंय गो. सगळ्याक लावतत, तसा लायलंय. पन तेका सांगू नको."

"अक्का, तो पोरीच्या नावावर घालता सगळा."

"पोर मिठबावात आसा. तुकाय म्हायार आसा. माका ह्या एकच घर." मग तिने परसातल्या माडाकडे हनुवटीने दाखवलं. "तेचो बापूस माका थंय बांधी. सुंभानच." आज बाजारात कसलं म्हावरं आलंय ते सांगावं तशी बोलली आणि कळशी उचलून आत गेली.

मी पडवीत गेले. जयराम ब्लेडच्या टोकाने खिडकीतलं कुंकू खरवडत होता. चकतीवर बारीक ओरखडे उठले होते.

"कुंकू मिया लायलंय," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "तू?"

"होय. पूजेच्या दिवशी. माझ्या ध्यानात नाय इला."

मला वाटलं, हात उगारेल. मी मागे सरकायची तयारी ठेवली होती. पण त्याचे खांदे खाली आले. चेहरा सैल झाला, तापाचा रोगी बरा होतोय असं डॉक्टरने सांगावं तसा. तो हसलासुद्धा.

"शिकलेली बायको," तो म्हणाला. "बी.एस्सी.! आणि मिया त्या पोराक..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. "जा, घेवन ये तिका. तिची चूक नाय. पन आता ह्या पडवीत तू पाय ठेवचो नाय. समाजला?"

"समाजला."

मी पिशवी भरली. नीरजाचे फ्रॉक, तिचा थंडीचा स्वेटर, तिची वाटी-चमचा, माझी सर्टिफिकेटं. अक्का दारात उभी राहून बघत होती. स्वेटर बघितला तेव्हा तिला कळलं असावं. ती चुलीपाशी गेली, कागदात खोबऱ्याच्या चार वड्या बांधून आणल्या आणि स्वतःच पिशवीत घातल्या.

पडवीत मशीन पुन्हा चालू झालं होतं. कण्हण्याचा तोच आवाज.

"सांजच्या गाडीन परत ये गो," जयराम आतून ओरडला. "क्लासच्या आधी. पोरांक च्याय कोण करतला?"

"येतंय," मी म्हटलं, आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागले.