पांढरं पुढ्यात

सुरीवर घ्या गं, सुरीवर घ्या,
लाल निघालं तर घरी न्या,
पांढरं निघालं तर परत द्या!

ही हाक सनीयाच्या बापाची, हाज मितवल्लीची. तो मातीआड जाऊन कैक उन्हाळे लोटले, पण कलिंगडं भरू लागली की तिच्या कानात ती आपोआप उगवायची, वेलाला फूल यावं तशी. गाढवगाडी वाळूच्या टेकाडावरून गावात उतरायची तेव्हा चाकांच्या आधी बापाचा आवाज उतरायचा. बाया दारात यायच्या, एखाद्या फळावर बोट ठेवायच्या. बाप सुरी घालायचा, तिकोनी फोड काढायचा आणि सुरीच्या टोकावरच पुढं करायचा. लाल असली तर पैसे. पांढरी असली तर सलाम, फळ परत गाडीवर.

सुरीवर तर सगळेच विकत. पण परत आलेलं पांढरं बाकीचे पोत्याखाली सारत. हाज मितवल्ली ते दोन फाकी करून गाडीच्या अगदी पुढ्यात मांडायचा, गाढवाच्या शेपटीमागं, साऱ्या गावाला दिसेल असं. "हे पांढरं माझंच हाय," असं ओरडायचासुद्धा. सनीयानं एकदा विचारलं होतं, "बाबा, हे कशाला दाखवायचं?" तर म्हणाला, "मग कुठं ठिवू? झाकलं की वास सुटतो, बये."

धाकटा शौकी त्याच गाडीवर बसून शाळेला जायचा. पोरं मागं धावायची, "पांढऱ्या! ए पांढऱ्याच्या पोरा!" शौकी पोतं ओढून त्या फाकी झाकायचा. बाप ते पोतं न बोलता काढून टाकायचा. असं रोज. आई नव्हतीच, रडणाऱ्या शौकीचं तोंड पुसायची ती सनीयाच.

आता टेकाड सनीयाचं होतं. नवरा बुरुल्लुसच्या तलावात मासे धरायचा, त्याला तलावानं ठेवून घेतलं. मूलबाळ नव्हतं. होती ती वाळू, बापाचं बियाणं आणि वाळूच्या पोटातली ओल. खड्डा करत जायचं, बोटांना गारवा लागला की बी टाकायचं, आणि वर बोरूचा कूड उभा करायचा. नाहीतर समुद्रावरचं वारं एका दुपारी सगळं गाडून टाकतं. तिच्या फळाची पाठ काळपट हिरवी आणि वाळूला टेकलेलं पोट पिवळंधमक, लोण्यासारखं.

त्या सकाळी ती पडलेला कूड उभा करत होती, तोच खालून उम्म जाबिर हाका मारत वर चढली. शेजारीण. पायात बळ कमी, पण जिभेत भरपूर.

"सनीये! अगं ए सनीये! कूड काय बांधतीस, आधी तुजं तोंड बांध!"

"का? काय केलं माझ्या तोंडानं?"

"अलेक्झांड्रियाच्या उकिरड्यावर पडलंय ते! माझ्या नातीच्या फोनात बघितलं म्या. कलिंगडावर तुजं चित्र, आन् आत कापलं तर पांढरंफेक, काकडीवानी. आन् लोकं काय काय लिवत्यात! चोर म्हनत्यात तुला. एकीनं तर लिवलंय, ही म्हातारी दिसती गरीब, पन लोकांना लुबाडती."

"म्हातारी मी?"

"तुला तेवढंच लागलं व्हय गं?"

उम्म जाबिरनं नातीचा फोन कमरेच्या गाठीतून काढला. सनीयानं वाळूचे हात झग्याला पुसले आणि पाहिलं. स्टिकरवरची बाई तीच होती. काळी ओढणी, हातात फळ, हसू. गेल्या साली शौकी आला होता तेव्हाचा फोटो. "आक्का, हस जरा," म्हणाला होता, "हसलीस तर कैरोपर्यंत जाशील." ती हसली होती, कारण शौकी किती वर्षांनी टेकाडावर चढला होता.

मग तिनं फळाकडं पाहिलं. पाठ फिक्या पट्ट्यांची. पोट पांढरं. हे फळ वाळूवर कधी झोपलेलंच नव्हतं.

"काय बोलत न्हाईस?" उम्म जाबिर म्हणाली. "तुजं हाय का न्हाई ते?"

सनीयानं फोन परत दिला. "ऊन वाढलं. खाली जा, उम्म जाबिर."

"म्हंजे हाय तर! हाज मितवल्लीच्या लेकीनं हे करावं! त्यो कबरीत कूस बदलत आसंल."

ती उतरली, आणि तिच्याबरोबर गोष्टही गावात उतरली. दुपारी सनीया भट्टीवर भाकरीला गेली तर बायांनी जागा दिली नाही. पाण्यावर गेली तर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हसा गं हसा, आपलाबी फोटू काढत आसतील." कुणाच्या तरी पोरीनं तिच्या दारावर चुन्यानं पांढरं कलिंगड काढून ठेवलं. सनीयानं ते पुसलं नाही. आत बसून मीठ घातलेलं पांढरं चीज आणि कलिंगडाची एक फोड खाल्ली. फोड लालबुंद होती. तोंडाला मात्र कडू लागली.

शौकी आला तो टुकटुक रिक्षातून. चकचकीत बूट, वाळूत रुतणारे. तंटा शहरात कॉलेज करून तो पुढं एका कंपनीत जाहिरातीचं काम करायचा, ते सोडून आता 'आक्काचं कलिंगड' नावाचं पेज चालवत होता. शिवाय गावोगावच्या दुकानदारांना धंदा कसा वाढवावा यावर शिकवण्या घ्यायचा. बोलायला लागला की शहराचं बोलायचा.

"घाबरायचं काही कारण नाही," त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. "हे प्रत्येक ब्रँडच्या बाबतीत एकदा तरी होतं. उलट चांगलं आहे. लोक बोलतायत."

"कुठलं फळ हाय ते, शौकी?"

"ऐक ना आधी. गिऱ्हाईक चिडलं की भांडायचं नाही. गप्पही बसायचं नाही. माफी मागायची, मनापासून दिसली पाहिजे, आणि एकावर एक फुकट द्यायचं. दोन दिवसांत विसरतात. परवा बाजार आहे ना? तिथंच लाइव्ह करू. खरा बाजार, खरी धूळ, खरी तू. तू एवढंच म्हण, यंदा ऊन फार झालं, एक खेप बिघडली."

"कुठलं फळ?"

शौकीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "वाळवंटाच्या कडेला एक मोठा फार्म आहे. तिथून घेतली."

"माझ्या तोंडाखाली?"

"मग काय करू? तू मला दिलेली सगळी आठवड्यात संपली! ऑर्डरी येतच होत्या, आक्का. लोक वाट बघत नाहीत. आज नाही म्हटलं की उद्या दुसऱ्याच्या पेजवर जातात. नाव तुझं, फळ कुणाचंही, सगळं जग असंच चालतं. तुला काय वाटलं, डब्यावरची म्हातारी स्वतः लोणचं घालते?"

"कच्ची तोडली त्यांनी. पानी पाजून फुगवली आन् कच्ची तोडली."

"मला काय कळतं आतलं! पेटी बंद असते!"

"कापून बघायचं."

"शंभर मैलांवरच्या माणसाला सुरीवर विकू? कसं?" तो उठून उभा राहिला आणि त्याचं शहर गळून पडलं. "तुला ठावं हाय, मी नोकरी सोडली. सासऱ्याकडनं पैका घेतलाय. तू जर बाजारात बोललीस की हे माझं न्हाई, तर मी संपलो. माझ्या शिकवणीला कुत्रं येनार न्हाई. तू मला वाढवलंस ना? मंग बुडवू नगंस."

सनीयानं चुलीतलं लाकूड आत सारलं. वाढवलंस ना, हे शब्द त्यानं मोजूनमापून टाकले होते, सुरी कुठं घालायची ते नेमकं ठाऊक असल्यासारखे. तिला राग त्याचाच आला.

"तू सांग," ती म्हणाली. "तुजं तू सांग. मी शेजारी हुभी ऱ्हाते."

"चेहरा तुझा आहे," शौकी म्हणाला. तो पुन्हा शहरात परतला होता. "लोकांना मी ठाऊकच नाही."

बाजाराच्या दिवशी सनीयानं गाडी भरली. उरलेला सगळा माल होता, हंगामाचा शेवटचा. तो विकला की हिवाळा निघायचा. गाढव तेच नव्हतं, पण गाडी बापाचीच होती. पुढ्यातली, बाप पांढरं मांडायचा ती फळी घासून गुळगुळीत झालेली. सनीया तिच्यावर कधी काही ठेवत नसे. ती हाकही देत नसे. हाक बापाची होती. ती नुसती बसायची, आणि लोक यायचे.

आज कुणी आलं नाही. माणसं लांबूनच वळसा घालत होती. पलीकडचा फरहात, कांदेवाला, मुद्दाम ओरडत होता, "कांदा घ्या, कांदा! आत-बाहेर एकच! याच्यावर कुणाचं थोबाड न्हाई!" बाजार हसत होता. शौकी काठीला फोन लावून उभा होता, केस नीट करत.

"सुरू करतोय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "खाली बघू नकोस. हस. थोडंच. दुःखी हस."

"दुःखी हसू कसं असतं रं?"

"आक्का, आता नको!"

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस वाट काढत आला. इस्त्रीचा सदरा घामानं चिकटलेला, काखेत कलिंगड. दमनहूरचा मास्तर, त्यानं स्वतःच सांगितलं, येईल त्याला ऐकू जाईल असं. लेकीच्या साखरपुड्याला पेटी मागवली होती. व्याह्यांपुढं एक कापलं, पांढरं. दुसरं कापलं, पांढरं. "माझी व्याहीण म्हणाली, पाहुण्यांना काकडी घालायची तुमच्यात रीत आहे का? पोरगी आत जाऊन रडली. हे एक उरलंय. पेजवर वाचलं आज तू इथं येणार, पहाटे निघालो ते तुझ्यासाठी, म्हातारे. काप. पेटीवर तुझ्या बापाचं नाव लावून विकतेस ना? सुरीवर काप!"

त्यानं कलिंगड गाडीवर आदळलं. स्टिकरवरची सनीया आभाळाकडं बघून हसत होती.

बाजार गोळा झाला. उम्म जाबिर तर सगळ्यांत पुढं. शौकीनं फोन जवळ आणला आणि गोड आवाजात म्हणाला, "मंडळी, ही बघा आपली आक्का. आक्का स्वतः तुमच्याशी बोलणार आहे." मग ओठ न हलवता, "ऊन. ऊन म्हण."

सनीयानं सुरी घेतली. फळ कसं चिरलं जातं ते तिच्या मनगटाला आधीच कळलं. पिकलेलं फळ सुरी टेकताच तडकतं, आपण होऊन उघडतं. हे मुकाट कापलं गेलं. दोन फाकी झाल्या. आत चुन्यासारखं पांढरं, बियासुद्धा पांढऱ्या.

"बघा!" मास्तर ओरडला. "बघा सगळे!"

"थू!" कुणीतरी म्हणालं. फरहातनं कांदा हवेत उडवून झेलला.

सनीयानं त्या दोन फाकी उचलल्या आणि गाडीच्या पुढ्यात, गुळगुळीत फळीवर, उघड्या तोंडानं मांडल्या. शौकीचा हात एकदम पुढं आला. शेजारचं रिकामं पोतं त्यानं ओढलं आणि झटकन फाकींवर टाकलं. कॉलेज, कंपनी, पेज, सगळं मधून गेलं होतं. हात मात्र गाडीवरच्या त्या पोराचा होता.

सनीयानं पोतं काढलं. बाप काढायचा तसंच, न बोलता. आणि शौकीकडं बघत राहिली.

वाळू उडून पांढऱ्या गरावर बसू लागली. बापानं आपलं पांढरं स्वतः ओरडून सांगितलं होतं. ते दुसऱ्यानं सांगायचं नसतं. तिला वाटलं, आता बोलेल. मग त्यानं फोन वर उचलला, स्वतःचं तोंड फोनच्या आड घेतलं, आणि कुजबुजला, "ऊन, आक्का. फक्त ऊन."

"अगं बोल की!" उम्म जाबिर किंचाळली. "मुकी झालीस का?"

सनीया उठून गाडीवर उभी राहिली. ओढणी वाऱ्यानं मागं गेली, ती तिनं सावरली नाही. घशातून जो आवाज निघाला त्यानं गाढवाचे कान उभे राहिले. जुन्या माणसांनी चमकून टेकाडाच्या वाटेकडं पाहिलं, गाडी तिकडून उतरत असल्यासारखं.

सुरीवर घ्या गं, सुरीवर घ्या,
लाल निघालं तर घरी न्या,
पांढरं निघालं तर परत द्या!

फरहातनं कांदा खाली ठेवला. तिनं सुरीचं टोक फाकींकडं केलं, मग फोनकडं, फोनच्या आड लपलेल्या तोंडाकडं.

"हे पांढरं माझ्या रानातलं न्हाई," ती म्हणाली. "हे माझ्या भावाचं हाय. शौकी मितवल्लीचं. त्यानं दुसऱ्याच्या रानातनं आनलं, न कापता इकलं, आन् मला ठावं असून मी गप बसले." मग ती मास्तराकडं वळली. "पन त्यावर तोंड माझं हाय. तवा ज्याचं ज्याचं पांढरं निघालं त्यानं हितं आनावं. ही गाडी भरलेली हाय. त्याच्या बदली लाल मिळंल. सुरीवर."