एकाच कानातलं फूल

निवृत्त मास्तरांना कोटासाठी एक बटण निवडायला पाऊण तास पुरला नव्हता. थोरली तोंडात टाचण्या धरून त्यांच्या बाहीशी झटापट करत होती आणि मास्तर तिच्या शिवणाच्या दुकानातला बटणांचा डबा उपसत होते. शेवटी तळातून त्यांनी एक वस्तू चिमटीत धरून वर काढली.

"हे लावा. लाल आहे, उठून दिसेल."

थोरलीच्या तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या. "मास्तर, ठेवा ते खाली! ती माझी आई आहे!"

मास्तरांनी वस्तूकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं एक काळं बटण उचललं.

आई नव्हती अर्थात. आईच्या कानातलं सोन्याचं फूल होतं, जोडीतलं एक. सुपारीएवढा लाल खडा आणि भोवती पाकळ्या. खरं सांगायचं तर भडक प्रकार होता. आई ती जोडी रोज घालायची, भांडी घासतानासुद्धा, आणि त्या वजनानं तिच्या कानांच्या पाळ्या खांद्यांच्या दिशेनं निघाल्या होत्या. आई गेली तेव्हा तिचं अंथरूण गुंडाळायच्या आत दोन्ही लेकी हमरीतुमरीवर आल्या. थोरली म्हणे, फुलं आईनं मला कबूल केली होती. धाकटी म्हणे, मला. शेवटी मामा मध्ये पडला. मामाच्या डोक्यात तसा उजेडच. त्यानं दोघींच्या हातावर एकेक फूल ठेवलं, एकेक फिरकी ठेवली आणि म्हणाला, "घ्या, आणि आता गप्प बसा." जन्मात मामाचं कुणी ऐकलं असेल तर ते तेवढंच. दोघी अकरा वर्षं गप्प बसल्या.

मास्तर गेल्यावर थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. आईनं जे भांडी घासताना मिरवलं, ते आपण बटणांत टाकलं! तिनं फूल साबणानं धुतलं आणि डाव्या कानात घातलं. आता रोज घालायचं, ठरलं.

पण फूल कानात टिकेल तर शपथ. पहिल्या दिवशी ते एका परकराच्या नेफ्यात सापडलं, दुसऱ्या दिवशी चहात. तिसऱ्या दिवशी थोरली तणतणत सोनाराकडे गेली. ही जोडी त्याच्याच वडिलांनी घडवलेली.

सोनारानं भिंग डोळ्याला लावलं, फिरकी फिरवून पाहिली आणि मान हलवली. "ही फिरकी ह्या फुलाची नाही. बाबा हातानं आटे पाडायचे. एका फुलाची फिरकी दुसऱ्याला धरत नाही. वाटणी कुणी केली?"

"मामानं."

"तरीच. नवी करून देतो, परवा या."

थोरली बरं म्हणणार तेवढ्यात तो भिंग पुसत म्हणाला, "तुमच्या बहिणीला मात्र नवी नको होती."

"ती कशाला आली होती?"

"तीच रड घेऊन. गेल्या महिन्यात. नवी करतो म्हटलं, तर म्हणाल्या, नको, ह्याची फिरकी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आणि तशाच गेल्या."

थोरलीनं फूल आणि फिरकी मुठीत घेतली आणि ती तडक निघाली. महिनाभर! महिनाभर सगळं ठाऊक असून बया घरात बसून राहिली! दोन गल्ल्या ओलांडायला हिचे पाय मोडले होते का? दिवसभर चष्म्याच्या दुकानात मुंगीएवढे स्क्रू पिळते आणि एवढं साधं जमत नाही! पण कोपऱ्यावर आल्यावर तिचेच पाय जड झाले. दार तोंडावर आपटलं तर? मग आईही गेली आणि बहीणही गेली, कायमची. थोरली भ्यायली, चक्क भ्यायली. तरीही तिनं दार वाजवलं.

धाकटीनं उघडलं. तिचे केस अर्धे पांढरे झाले होते. हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं उगाच थोरलीच्या मनात आलं.

"फिरकी दे," थोरली म्हणाली.

"आधी तू दे."

"लबाड आहेस. एकदम देऊ."

लहानपणी गोट्या बदलायच्या तशा दोघींनी उंबऱ्यावर फिरक्या बदलल्या. फुलं कानांत चढली, घट्ट बसली. काम झालं. आता बोलायला काहीच उरलं नाही. धाकटीचा हात दाराकडे गेला.

"पण फुलं मलाच कबूल केली होती," थोरली घाईघाईनं म्हणाली.

"हट्! मला केली होती. रोज करायची. पाय चेपताना. 'जरा जोरात दाब, फुलं तुलाच देणार.'"

थोरलीनं आ वासला. "मला डोक्याला तेल लावताना. अगदी हेच."

धाकटीनं कपाळावर हात मारला.

"अगं, म्हातारीनं आपल्याला गंडवलं!"

"मामालाही कबूल केली असतील. नळ दुरुस्त करून घेताना."

मग जे हसू फुटलं, त्यात दोघी उंबऱ्यावरच बसल्या. हसता हसता थोरलीला रडू कोसळलं. "अकरा वर्षं फुकट घालवली गं आपण," ती म्हणाली. धाकटीनं थोरलीच्याच ओढणीला नाक पुसलं आणि आपल्या कानातलं फूल काढायला लागली. "ने ताई. जोडीनं घाल."

"राहू दे तिथंच! एवढं भडक दोन्ही कानांत घालून मी काय नाटकात उभी राहू?"

पुढच्या आठवड्यात मास्तर कोट न्यायला आले. आरशात बटणं निरखता निरखता त्यांची नजर थोरलीवर गेली. डाव्या कानात लाल फूल, उजवा कान रिकामा.

"बाई, दुसरं कुठं पडलं वाटतं."

"पडलंय कशाला? दोन गल्ल्या पलीकडे आहे, रोज कानात असतं," थोरली दोरा दातानं तोडत म्हणाली. "पाच वाजता येईल भांडायला. थांबणार असाल तर खुर्ची जरा लांब घ्या."