साहेबांच्या नावाची सुपं

गोपीनाथ कुंभोजकरांचा बदलीचा अर्ज लखनौच्या रेल्वे ऑफिसात इतकी वर्षं पडून होता, की एव्हाना त्याला मिसरूड फुटलं असावं. त्या फायलीत एका पालीने संसार थाटलाय आणि तिची नातवंडं आता आवक-जावक बघतात, असं शिपाई सांगायचा. शिपायाला खोटं पाडायचं तर फाईल उघडावी लागली असती, आणि तेवढी छाती ऑफिसात कोणाची नव्हती.

अर्ज तसा साधा. गोपीनाथांना मिरजेला जायचं होतं. माणूस पुलांचा इंजिनिअर. गोमतीवरचा कुठला गर्डर थंडीत कण्हतो आणि शारदेवरचा कुठला नुसतंच नाटक करतो, हे त्यांना झोपेत कळायचं. पण तिकडे मिरजेत त्यांच्या बायकोच्या, सुचित्राबाईंच्या, डोळ्यांचा पडदा विरत चालला होता. आधी मधलं दिसेनासं होईल, मग कडेचं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बाईंना त्याचंही हसूच.

"आधी नाक गेलं तुमचं," त्या फोनवर म्हणायच्या. "आता कान तेवढे उरलेत दोन्ही बाजूंना. ते आहेत तोवर या. नुसत्या आवाजाशी संसार करायची वेळ आणू नका. आवाज काही तुमचा ऐकण्यासारखा नाही."

बाईंना लखनौला आणावं, तर मिरजेच्या घरातला कोपरान् कोपरा त्यांच्या पायांना पाठ होता. इथल्या क्वार्टरात त्या पहिल्याच दिवशी दारावर आपटल्या असत्या. नोकरी सोडावी, तर उपचार रेल्वेच्या कार्डावर चाललेले. तेव्हा अर्ज हाच एक रस्ता, आणि त्या रस्त्यावर चतुर्वेदी साहेबांची सही आडवी. साहेब नव्या वर्षात दुसरीकडे जाणार होते. बलियाचा माणूस; बोलायला मऊ, विसरायला कठीण.

"दीवाली हो जाने दीजिए, कुंभोजकर जी," साहेब म्हणाले होते. "उसके बाद पहला दस्तखत आपका."

त्यात साहेबांच्या मॅडमना पर्यावरणाची बाधा झालेली. मॅडम चंदीगडला फौजी बापाच्या बंगल्यात वाढलेल्या. मन सोन्याचं, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला क्रेन लागायची. यंदा कॉलनीत घरोघरी साहेबांकडून जाणाऱ्या दिवाळीच्या भेटीत प्लास्टिकचा कण नको, मॉलमधलं काही नको. कुणातरी छोट्या कारागिराच्या हातचं हवं. आणि हे काम कोण करणार? ज्याची फाईल टेबलावर आहे तो करणार.

दर दिवाळीला गोपीनाथ मिरजेला जायचे. धनत्रयोदशीच्या आधी गाडीत, भाऊबीज झाली की परत. इतक्या वर्षांत त्यांनी लखनौची दिवाळी एकदाही पाहिली नव्हती. या वर्षी पहिल्यांदा त्यांनी रजा टाकली नाही.

"एक दिवाळी जाऊ दे," ते बायकोला म्हणाले. "पुढच्या सगळ्या तुझ्याजवळ."

"सगळ्या म्हणजे किती, ते माझ्या डोळ्यांना विचारून सांगा," बाई म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलून चकलीवर गेल्या.

मग गोपीनाथ भेटी शोधत हिंडले. चौकातल्या बोळात एका दुकानदाराने ज्यूटची पिशवी काढली. ती प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या. सोलता सोलता संध्याकाळ झाली आणि शेवटी आतून निघाली ती पानसुपारीला पुरेल एवढी. "एकदम इको-फ्रेंडली है साहब," दुकानदार म्हणाला, "पन्नी तो सिर्फ धूल से बचाने को है." शेणाच्या पणत्या विकणारा एक उत्साही तरुण भेटला. त्याने नमुना म्हणून एक पणती पेटवली, वात विझली पण पणती पेटली, पणतीनंतर टेबल पेटलं, आणि तरुण म्हणाला, "देखिए, कचरा बिल्कुल नहीं बचता." मलिहाबादेत आंब्याच्या कलमांचा विचार झाला. पण मागच्या वर्षी मॅडमनी वाटलेली कलमं सगळ्या बाल्कन्यांत वाळून उभी होती आणि लोक त्यांवर मोजे सुकवत होते. नर्सरीवाल्याने हात जोडले. "हुज़ूर, आम का पेड़ ज़ीना नहीं चढ़ता."

शेवटी तोड काढली ती सुचित्राबाईंनीच.

"अहो, सूप द्या की. बांबूचं. आपल्यात सुपात वाण देतात, त्याहून शुभ काय असतं? माझ्या लग्नातलं सूप अजून आहे. हात फिरवला की वीण न् वीण कळते."

गोपीनाथांना ते एकदम पटलं. गर्डरवर गर्डर बसावा तसं.

सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रस्त्याच्या कडेला बांबूकाम करणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. तिथे रामदुलारी नावाची बाई दारात बसून कामट्या सोलत होती. गोपीनाथांनी मागणी सांगितली. बाईचा कोयता थांबला.

"सारे के सारे सूप?" ती म्हणाली. "इत्ता दलिद्दर कहाँ से लाए हो, साहब?"

गोपीनाथांनी आपल्या स्वेटरच्या उसवलेल्या कोपराकडे पाहिलं आणि हसले. तीही हसली. एवढ्यावर दोघांचा सौदा झाला.

झोपड्यांतली सगळी माणसं कामाला लागली. बांबू असे फाटू लागले की पलीकडच्या विमानतळावरची विमानं म्हणे चक्कर मारून उतरायची. पण सुपं मात्र देखणी झाली. मॅडमनी एक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्रत्येक सुपाच्या पाठीवर गेरूने लिहून घेतलं, 'शुभ दीपावली, श्री एवं श्रीमती चतुर्वेदी'. गेरू कच्चा राहू नये म्हणून दोनदा गिरवायला लावलं. नव्या वर्षाच्या भेटींसाठी आणखी सुपं लागतील, असं त्यांनी रामदुलारीला तिथल्या तिथे सांगून टाकलं. साहेब तेव्हा लाईनवर तपासणीला गेलेले. ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परतणार होते. मॅडमनी घरी एकही सूप ठेवलं नाही. आपली भेट आपणच कशी घ्यायची?

धनत्रयोदशीला सुपं घरोघर गेली. आत साळीच्या लाह्या, बत्तासे, मातीचे दिवे. आणि काय कौतुक झालं! कॉलनी बहुतेक गोंडा, बस्ती, सुलतानपूरकडची. गोपीनाथांच्या शेजारच्या टेबलावरचा नरेंद्र शुक्ला तर त्यांचा हातच सोडेना.

"कुंभोजकर जी, अम्मा रो पड़ीं. बोलीं, कौन है ये मराठी बाबू, इसको सब मालूम है."

"अरे, हमारे यहाँ भी यही रिवाज है," गोपीनाथ म्हणाले.

"अच्छा? मतलब पूरे देश में एक ही बात," शुक्ला म्हणाला, आणि राष्ट्रीय एकात्मतेवर दोघांनी चहा घेतला.

लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी, अजून फटफटलंही नव्हतं, आणि गोपीनाथ आवाजाने दचकून उठले. आधी वाटलं मालगाडी रुळावरून उतरली. मग वाटलं, उतरून जिन्याने वर येतेय. कॉलनीतली कुत्री पळून चारबागच्या फलाटावर जाऊन बसली होती, असं नंतर कळलं. ते बाल्कनीत आले. प्रत्येक घरात दिवे लागले होते आणि प्रत्येक घरातली वडीलधारी बाई काठी घेऊन खोलीखोलीतून एक सूप बडवत फिरत होती.

"भाग दलिद्दर, भाग. लछमी मइया आवैं, दलिद्दर जावै."

कोपऱ्यात, पलंगाखाली, मोरीत, फ्रिजच्या मागे. काठी सुपाच्या पाठीवर नेमकी तिथे बसत होती जिथे गेरूने दोनदा गिरवलं होतं.

गोपीनाथ पायांत चपला न घालता खाली धावले. जिन्यात नरेंद्र शुक्ला मफलर गुंडाळून आईच्या मागे चालला होता. म्हातारी डाव्या हाताने सूप धरून मन लावून बडवत होती.

"शुक्ला जी, ये क्या हो रहा है?"

"दलिद्दर भगा रहे हैं," शुक्ला म्हणाला. "सूप पीटके चौराहे पे फेंक आते हैं, घर की सारी मनहूसियत साथ में. फ्लैट में सूप अब रखता कौन है? पिछले साल अम्मा ने स्टील की थाली पीटी, उसमें वो बात नहीं आई. इस बार आपने इंतज़ाम कर दिया." मग गोपीनाथांचा चेहरा बघून तो थांबला. "आपके यहाँ भी तो यही है न?"

"हमारे यहाँ उसमें शगुन देते हैं," गोपीनाथ म्हणाले. "सौभाग्य का."

शुक्लाने आईकडे पाहिलं, आईच्या हातातल्या सुपाकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे बाप रे."

चौकावर सुपांचा ढीग जमला होता. ढीग म्हणजे एवढा की दूधवाल्याने सायकल खांद्यावर घेतली. सगळी सुपं पालथी पडलेली, कणे मोडलेले, आणि प्रत्येकावर श्री एवं श्रीमती चतुर्वेदी. बायका हात झटकून, मागे वळून न बघता घरी चालल्या होत्या; मागे बघितलं तर दारिद्र्य परत येतं म्हणे.

आणि समोरून, माकडटोपी घालून, सकाळच्या फेरीला साहेब येत होते.

साहेबही तिकडचेच, बलियाचे. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. ते ढिगापाशी थांबले. हातातल्या छडीने त्यांनी एक सूप उलटं केलं, दुसरं केलं, मग तिसरं, जणू एखाद्यावर तरी दुसऱ्याचं नाव निघेल. निघालं नाही.

"मज़बूत बने हैं," साहेब शेवटी म्हणाले. "किसने बनवाए?"

शुक्लाने मफलर नाकापर्यंत ओढला. पण त्याच्या म्हाताऱ्या आईला कान कमी आणि कृतज्ञता जास्त. तिने काठी उचलून गोपीनाथांकडे दाखवलं. "ई मराठी बाबू. जुग जुग जियें."

ऑफिस उघडलं त्या दिवशी साहेबांनी गोपीनाथांना बोलावलं, बसवलं, चहा मागवला. लखनौत माणसाला कापायचं असेल तर आधी चहा पाजतात.

"हमारी अम्मा भी पीटती थीं," साहेब म्हणाले. "नाम नहीं लिखवाती थीं."

"सर, मुझे मालूम नहीं था."

"इतने साल से आप लखनऊ में हैं."

"दीवाली पे मैं यहाँ होता नहीं था, सर. हर साल घर जाता था. इस बार पहली दफ़ा रुका."

"क्यों रुके?"

गोपीनाथांची नजर टेबलावरच्या फायलीकडे गेली. सहीसाठी थांबलो, हे तोंडाने कसं सांगायचं? त्यांनी चहा प्यायला. चहा गोड होता.

साहेबही फाईलकडेच बघत होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या साहेबाचं मन वळतं, निदान पुढचा साहेब तरी म्हणतो की आधीच्याने डूख धरला. चतुर्वेदी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, अर्जाच्या समासात सुरेख अक्षरात लिहिलं आणि खाली तीच सही केली, जिची गोपीनाथ वाट बघत होते.

'अत्यंत उपयोगी अधिकारी. इनके बिना यहाँ का काम नहीं चल सकता. मुक्त करना संभव नहीं.'

ऑफिसात लोकांनी तो शेरा वाचला आणि दोन-चार भाबड्यांनी अभिनंदनही केलं. शुक्लाने केलं नाही. त्याला माहीत होतं की निंदा पुसता येते, पण असा शेरा पुलाच्या पायासारखा असतो. पुढे येणारा कुठलाही साहेब त्याच्यावरच उभा राहणार. ज्याच्याशिवाय काम चालत नाही त्याला सोडण्याची सही कोण करील?

आठवडाभराने गोपीनाथ कानपूर रस्त्याला गेले. रामदुलारीने नव्या वर्षाच्या मागणीचे बांबू आणून भिजत घातले होते. दारापुढे ओल्या बांबूचा वास भरून राहिला होता. मॅडमनी आता सुपं नको म्हटल्याचं गोपीनाथांनी सांगितलं. भिजलेला बांबू बाहेर काढून उन्हात टाकला तर तडकतो, आणि पाण्यात ठेवला तर कुजतो. ती जरा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि मग आत गेली.

संध्याकाळी गोपीनाथांनी मिरजेला फोन लावायचं ठरवलं. काय सांगायचं? सूप सुचवलं होतं बाईंनी. खरं सांगावं, तर उरलेल्या उजेडात त्या रोज त्याच सुपाकडे बघत बसल्या असत्या. त्यांनी मनात सगळं जुळवून ठेवलं: साहेब तपासणीवर आहेत, सही पुढच्या महिन्यात, सुपं सगळ्यांना फार आवडली. व्हिडिओ कॉल लावायचा, म्हणजे संशय येणार नाही. त्यांनी दाढी केली. ट्यूबलाईटखाली खुर्ची ओढली. आरशात बघून चेहरा हसरा केला. पहिल्यांदा तो जमला नाही, दुसऱ्यांदा बराच जमला. तसाच धरून त्यांनी फोन लावला.

पलीकडे सुचित्राबाईंचा चेहरा आला, अगदी जवळ, फोनला जवळजवळ नाक लावलेला.

"काय हो, झाली का सही?"

"पुढच्या महिन्यात होईल. साहेब बाहेर आहेत. सुपं मात्र फार आवडली लोकांना. म्हातारी माणसं रडली."

"बघा, म्हटलं नव्हतं?" बाई म्हणाल्या. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला, कोंबडीने दाणा शोधावा तशी. "पण हे काय, नुसतं बोलताय. कॅमेरा लावा की."

कॅमेरा चालूच होता. गोपीनाथ ट्यूबलाईटच्या लख्ख उजेडात बसले होते. हसू अजून चेहऱ्यावरच होतं. ते खाली ठेवायचं कसं, हे त्यांना कळेना.

"नेट धड नाहीये ग इथे," ते म्हणाले.

"लखनौचं नेटही तुमच्यासारखंच," बाई म्हणाल्या. "बोला मग. ऐकते."