बायकांचं मडकं

सकाळी आठपासून देवळाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. सुपा धरणाच्या वरच्या अंगाला, रानात बसलेलं पन्नास घरांचं हे गाव. पण आज शेजारच्या वाड्यांतलीही माणसं आली होती. सगळ्यांच्या मधोमध शकुंतला जीभ बाहेर काढून रडत होती. जीभ लालभडक झाली होती, ओठ सुजले होते.

"बघा रे, बघा!" देवाचा कौल सांगणारा परशू घाडी अंग घुमवत ओरडला. "देव आंधळा न्हाई! खऱ्याला गोड, खोट्याला आग! बोल बाई, काय लपवलंस?"

"काय न्हाई लपवलं," शकुंतला कशीबशी बोलली. जीभ वळत नव्हती.

फुला तिच्या शेजारीच उभी होती. आता पाळी तिची.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावची जागा यंदा बाईसाठी राखीव होती. अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. गावचा प्रमुख मानकरी, गावकार महाबळेश्वर, याला तिथं आपली सून बसवून कारभार स्वतः हाकायचा होता. पण बायकांच्या संघानं फुलाचं नाव काढलं. सूचक म्हणून सही करणार होती शकुंतला. मग तीन दिवसांपूर्वी गावात दोन गुरं मेली आणि महाबळेश्वरनं घाटाखालून हा घाडी आणला. घाडी म्हणाला, बाईमाणूस मर्यादा सोडतंय म्हणून देव कोपलाय. सगळ्यांनी गूळखोबऱ्यात घोळलेला सत्याचा घास खायचा. ज्याची जीभ पोळेल तो खोटा. आणि खोटी बाई गावात ठेवायची नाही.

पुरुषांनी घास खाल्ले. एकाचीही जीभ पोळली नाही. शकुंतला धरून संघातल्या तीन बायकांनी खाल्ले, तिघींच्याही पोळल्या.

फुलाला नवरा नव्हता. घर सुटलं तर जायचं कुठं? कालपासून ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. खरंच माझं काही चुकलं असेल का? मला खुर्चीची हाव तर सुटली नाही? रामनगरच्या बाजारात एकटीनं कंद विकायला बसते, परक्या माणसांशी चढ्या आवाजात बोलते, ते तर देवाला खुपलं नसेल?

"आई, नको खाऊस," शिल्पा कानात म्हणाली. फुलाची ही लेक यंदाच बीएस्सी झाली होती. पण तिचाही आवाज कापत होता. "काहीतरी गडबड हाय. काय ते कळत न्हाई."

"न्हाई खाल्लं तर खोटी. खाल्लं तर बी खोटी."

शकुंतला तिच्या अंगावर कलली. तिच्या तोंडातून अर्धवट चावलेला घास गळत होता. फुलानं तो हातानं पुसला, पदराला बोटं घासली आणि घाडीच्या हाकेची वाट बघत उभी राहिली.

मग बोटांच्या बेचक्यात खाज सुटली.

फुलानं हात खाजवला. पुन्हा खाजवला. ही खाज तिच्या ओळखीची होती. दरवर्षी थंडीत कंद सोलताना हीच खाज मनगटापर्यंत चढायची. मग कोकमाचं पाणी चोळायचं. इथल्या बायका कंद शिजवताना आंबट घातल्याशिवाय राहत नाहीत. त्यामुळं जीभ कुणाचीच कधी पोळली नव्हती. खाज ठाऊक होती ती फक्त हातांना.

"फुला, पुढं ये!" घाडीनं मडक्यात हात घातला.

फुलानं मडक्याकडं पाहिलं. मग शेजारच्या तांब्याच्या भांड्याकडं पाहिलं. पुरुषांचा प्रसाद तांब्याच्या भांड्यात, बायकांचा मडक्यात. देवाच्या भांड्याला बाईचा विटाळ नको म्हणून गावात हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं. दोन भांडी का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मला त्या तांब्याच्या भांड्यातला घास द्या," ती म्हणाली.

"विटाळ! बाटवतेस व्हय देवाला?"

"बरं, ऱ्हाऊ दे. मग गावकार काकांनी आमच्या मडक्यातला खावा. मडकं पुरुषाला न्हाई ना बाटवत?"

घाडी गडबडला. "तसं चालत न्हाई... देवाची आज्ञा..."

"का न्हाई?" महाबळेश्वर मिशीवर हात फिरवत उठला. त्याचा घाडीवर पक्का विश्वास होता. "मी काय खोटा हाय? आण हिकडं."

घाडी 'नको नको' म्हणेपर्यंत त्यानं मोठा घास तोंडात टाकला. दोनदा चावला. मग डोळे विस्फारले, आणि गावकार थू थू करत अंगणभर नाचू लागला.

"काका," मागून कुणीतरी बाई म्हणाली, "तुमी काय लपवलंय ते बी सांगून टाका!"

तीन दिवसांत पहिल्यांदा गाव हसलं.

घाडी मडकं लाथाडायला धावला, पण शिल्पानं ते आधीच उचललं होतं. तिनं एक फोड पाण्यात धुतली. गूळखोबरं निघून गेलं. म्हातारा तुकाराम वाकून म्हणाला, "आरं, ह्ये तर रानातलं सुरण! अर्धकच्चं!"

मग त्यानं तांब्याच्या भांड्यातली फोड धुतली. ती मऊ शिजलेली होती आणि तिला कोकमाचा वास होता.

"कच्च्या सुरणात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात," शिल्पा सांगू लागली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "डोळ्यांना दिसत न्हाईत, पण सूक्ष्मदर्शकाखाली जुड्याच्या जुड्या दिसतात. त्या जिभेत टोचतात. आंबटात नीट शिजवलं की त्रास होत न्हाई. सुरणाला खरं-खोटं कळत न्हाई. कुणाला कुठल्या भांड्यातलं द्यायचं, ते ह्या परशूला कळत होतं."

तोवर फुलानं कोकमाचं पाणी आणलं होतं. आधी शकुंतलाला पाजलं, मग त्या दोघींना, मग महाबळेश्वरपुढंही वाटी धरली. आग लगेच गेली नाही, पण उतरू लागली. त्यानं मान वर केली नाही.

"चल, अकराची बस चुकंल," शकुंतला बोबड्या जिभेनं म्हणाली.

"अगं, तुझं तोंड बघ आधी."

"सई काय जिभेनं करतात?"

फुला निघाली. भीती गेली नव्हती. हातांना अजून खाज होती. पण अर्ज पिशवीत होता.

एखाद्या चमत्कारात शिक्षा नेमकी बाईलाच होत असेल, तर हात जोडण्याआधी विचारा, तिचं भांडं वेगळं का? आणि शक्य असेल तर भांडी बदलून बघा.