काचेच्या बाल्कनीतला अडीच फुटी माणूस

मी एक फाइल आहे, कॉम्प्युटरच्या आतली. मला हात लावायला जाल तर काहीच लागणार नाही, पण माझ्या पोटात अख्खी बाल्कनी आहे. खाली दीड फुटाचा कठडा, त्यावर सरकत्या काचा, काचांना कडी. आणि बाल्कनीत उभा एक मिशीवाला माणूस, हातात बॅग घेऊन. जागा केवढी आहे ते कळावं म्हणून त्याला उभं केलंय, दुसरं काही काम नाही त्याला.

काचेच्या कंपनीतल्या एका नकाशेवाल्याने मला घडवलं. माझ्यापायी त्याचे किती चहा गार झाले असतील! कडी कुठे लावावी म्हणून तो स्वतः उभा राहिला. हात न उचलता जिथे पोचला तिथे लावली, पावणेतीन फुटांवर. "छान, वाकायला नको!" म्हणाला.

मग मला कंपनीच्या वेबसाइटवर ठेवलं. घरं आखणारे आर्किटेक्ट मला फुकट उतरवून घेतात. कुणी माझी रुंदी बदलली, कुणी काचेचा रंग. काम झालं की मी शंभर फाइलींच्या ढिगात. मिशीवाल्याकडे तर कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

एकदा एका आर्किटेक्ट बाईंनी मला उघडलं. समोर एक कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको, सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी. घर चौथ्या मजल्यावर. काचा दुसऱ्या दिवशी कापायला जाणार होत्या, आणि ती काच एकदा कापली की बदलता येत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको तेवढी स्क्रीन निरखत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, यात लहान मूल कुठंय?"

नवरा हसला. "झालं हिचं सुरू! अगं, नकाशा आहे तो."

"मोठा माणूस दाखवलाय ना? मग आमचं पिल्लू पण दाखवा की."

"हिला पंखा फिरताना दिसला तरी धडकी भरते हो," नवरा म्हणाला.

"भरू दे," सासूबाई म्हणाल्या. "ते बघ, तुझी लेक काय करतेय."

मुलीने बाईंचं खालचं कपाट उघडून कागद बाहेर काढले होते. कपाटाला कडी लावलेली होती बरं का!

बाईंकडे लहान मुलाचं चित्र नव्हतं. त्यांनी मिशीवाल्यालाच धरून छोटा केला, अडीच फुटांचा. मिशी तशीच, बॅग तशीच. "अगंबाई, हे कुठल्या ऑफिसला निघालंय?" म्हणत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळे पोट धरून हसले.

मग बाईंनी त्याचा हात वर केला.

हात सरळ कडीवर गेला. कडी निघाली, काच सरकली, आणि पुढे फक्त तो दीड फुटाचा कठडा.

नवऱ्याने उठून मुलीला उचललं आणि घट्ट छातीशी धरलं. बाई म्हणाल्या, "ताई, बारा वर्षं मी हेच काम करतेय. मला नाही सुचलं."

"मला तरी कुठं सुचलं? मला आपली भीती वाटत होती," ती म्हणाली.

काचा कापायच्या थांबल्या. खालची काच मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पक्की झाली, सरकती राहिली फक्त वरची, कडी गेली पाच फुटांवर. आता ती मुलगी काचेला नाक लावून रस्ता बघते म्हणे.

मी आता बाईंच्या कॉम्प्युटरवर असते, माझ्यात मोठा आणि छोटा असे दोन मिशीवाले आहेत. पण वेबसाइटवर माझीच जुनी प्रत आहे, खाली कडी असलेली. बाईंनी कंपनीला कळवलंय, उत्तर यायचंय. तोवर कुणी तिला उतरवून घेतलंत, तर माझं एवढं ऐका. त्या माणसाला एकदा छोटा करून त्याचा हात वर करून बघा. मिशीसकट चालेल.