जमीलभाईंचा अर्धा फोटो

मित्रांनो, सिन्नरमधल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात, लिनक्सच्या जुन्या कॉम्प्युटरवर माझा मुक्काम असतो. मी तिथला स्क्रीनसेव्हर. माणसं काम थांबवून उठली की माझं काम सुरू होतं. घरचे फोटो एकेक करून पडद्यावर आणायचे, बस्स.

मला इथे बसवलं जमीलभाईंनी. हातातली पत्रिका जुळवून झाली की ते बायकोला, मासूमाभाभींना, हाक मारत आणि दोघं चहा पीत फोटो बघत. तेव्हा माझं भारी कौतुक होतं. स्वतः जमीलभाई मात्र फोटोला कधी उभे राहत नसत. एकदाच भाभींनी त्यांना मोबाइलमध्ये हसताना पकडलं. तो फोटो कॉम्प्युटरवर उतरत असतानाच वीज ये-जा करू लागली. अशा वेळी सगळ्या वायरी ओढून काढायच्या, ही त्या घराची शिस्त. भाभींनी वायर ओढली. त्यांना वाटलं, फोटो आला. आला होता अर्धाच. पुढे मोबाइल बिघडला, आणि गेल्या वर्षी जमीलभाई गेले.

तो अर्धा फोटो मला काही केल्या दाखवता येईना. त्याची पाळी आली की मी कोलमडून बंद पडायचो आणि पडदा काळा व्हायचा. भाभी तरीही रोज समोर येऊन बसत. मलाही फार वाटे, आज तरी तो चेहरा यांना दाखवावा. गिऱ्हाइकं मला भंगार म्हणू लागली.

शेवटी मुलगा इमरान दुरुस्तीला बसला. मी नेमका कुठे पडतो, ते त्याने शोधलं. ती त्या अर्ध्या फोटोचीच फाइल, पण नावात नुसते आकडे होते, त्यामुळे आत कोण आहे ते त्याला कळलं नाही. त्याने ती न उघडताच पुसून टाकली. उघडली असती, तर खाली नुसता करडा रंग आणि वर बापाचं हसू दिसलं असतं.

"अम्मी, आता नाय पडणार हा," तो म्हणाला.

"मग अब्बांचा तो फोटो येईल ना रे?"

"येईल की. सगळेच येतील."

तेव्हापासून मी एकदाही पडलो नाही. सगळे मला शाबासकी देतात. भाभी चहा घेऊन बसतात. फोटोंची फेरी संपते, पुन्हा सुरू होते, चहा निवून जातो. त्यांना वाटतं, आता पुढचा तोच. मला सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, एवढंच मागतो. बिघडलेलं काही टाकून देण्याआधी ते एकदा उघडून बघा. आणि त्याची कुणी वाट बघत बसलंय का, हे घरात विचारा.