एका बाहीची लोकर

सासऱ्यांचं लोकरीचं दुकान बंद झालं तेव्हा शटर ओढायला सगळे नातेवाईक हजर होते. खोकी उचलायची वेळ आली तशी एकेकाची कंबर धरली. माल शेवटी येऊन पडला धाकट्या सुनेच्या मागच्या खोलीत. तिचा नवरा आधीच गेलेला. घरात ती आणि तिची थोरली नणंद. लोक म्हणाले, दोन बायका आणि खोलीभर लोकर; आधी कसर लोकर खाते की ह्या एकमेकींना खातात, बघू.

कुणी कुणाला खाल्लं नाही. दोघींनी ती लोकर मोबाईलवरच्या लिलावाच्या बाजारात विकायला काढली, आणि त्या बाजारात सुनेला नावच पडलं, लोकरवाली.

नणंदेला ती वन्सं म्हणायची. वन्सं एका कचेरीत जन्मभर टंकलेखन करून निवृत्त झालेल्या. खिडकीच्या उजेडात गुंडे मांडून फोटो काढायचे आणि पार्सलं बांधायची, हे त्यांचं खातं. वर्णन लिहायचं, बोली बघायची, गिऱ्हाइकाशी बोलायचं, हे लोकरवालीचं. पार्सलाला सुतळी की चिकटपट्टी यावरून रोज वाजायचं. ज्या दिवशी वाजलं नाही त्या दिवशी दोघींना जेवण गोड लागत नसे.

बाजाराने त्यांच्या नावापुढे एक हिरवी पट्टी दिली होती, 'विश्वासू' असं लिहिलेली. एकही विक्री न मोडणाऱ्यालाच ती मिळते. वन्संचा तिच्यावर भारी जीव. म्हणायच्या, "एवढी वर्षं कचेरीत बोटं झिजवली. निरोपाला काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ. तेही मागे चालणारं. ही पट्टी मात्र माझी कमाई आहे, वहिनी. तिला डाग लागला तर तुमची खैर नाही."

आता त्या बाजारात एक रीत आहे. कुठल्या नियमात नाही, पण विणणारी माणसं पाळतात. एखाद्याला ठरावीक माल हवा असेल तर तो विकणाऱ्याला आधी सांगतो. विकणारा त्याच्या नावाने वेगळी मांडणी करतो आणि वर लिहितो, 'अमक्यासाठी राखीव'. बाकीच्यांनी तिकडे फिरकायचं नाही. फिरकलाच कुणी आगाऊ आणि बोली लावलीच, तर विकणाऱ्याने ती खोडायची. फक्त एक पथ्य. 'लगेच घ्या' हे बटण राखीव मालावर कधी म्हणजे कधीच चालू ठेवायचं नाही. बोली खोडता येते, पण ते बटण दाबलं की विक्री झाली, विषय संपला.

एका सकाळी एका माणसाचा निरोप आला. हा शीतगृहात हमाली करायचा. गोठवलेल्या मालाची खोकी आत-बाहेर करणारा गडी, आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून सुया चालवणारा. त्याने लिहिलं होतं, "ताई, मागे तुमच्याकडून पारव्या रंगाची लोकर घेतली होती. लेकीचा स्वेटर विणतोय. एक बाही राहिली आणि लोकर संपली. लेक हाडानं थोराड निघाली, बापाचा अंदाज चुकला. त्याच वेळी रंगवलेल्यातले दोन गुंडे आहेत का?"

लोकर रंगवणं तळणासारखं असतं. एक घाणा दुसऱ्यासारखा उतरत नाही. नाव तेच, डबा तोच, पण उन्हात धरलं की फरक डोळ्यांत भरतो. लोकरवालीने खोकी उपसली. त्या घाण्यातले नेमके दोनच गुंडे उरले होते, आणि ती लोकर काढणारी गिरणी तर कधीच बंद पडलेली.

तिने विचारलं, "दादा, बाही दुसऱ्या पारव्याची चालणार नाही का? थंडी काय रंग बघते?"

उत्तर लगेच आलं. "थंडी नाही बघत, माणसं बघतात. जमीन मोजायच्या कामावर लागलीय पोरगी. उघड्या माळावर दिवसभर उभं राहायचं, आणि हाताखाली चार बाप्ये. आम्ही जन्मभर लोकांचे उतरलेले कपडे घातले ताई. आमच्या कंपनीत तर तिघांत एक कोट आहे, तोही आधीच्याच्या घामानं ओला. माझ्या लेकीच्या अंगावर ठिगळ नको. शनिवारी निघतेय ती."

लोकरवालीने दोनदा वाचलं. मग लिहिलं, "तुमचेच आहेत. उद्या सकाळी राखीव टाकते. तुम्हाला शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तिने मांडणी टाकली. नवी लिहायचा कंटाळा, म्हणून जुनीच एक उचलली, फोटो बदलला, वर 'शीतगृहवाले दादांसाठी राखीव' लिहिलं आणि दिलं सोडून. दादा पाळीवर. फोन आत नेता येत नाही, गारठ्याने मरतो. दुपारच्या सुट्टीत बघणार होता.

चहाचा पेला विसळून होतोय तोवर फोन किणकिणला. विकले गेले.

"सुट्टी लवकर झाली वाटतं," म्हणत तिने बघितलं. घेणाऱ्याचं नाव होतं 'सुवर्णसंधी'.

हा प्राणी सगळ्यांना ठाऊक होता. एक टाका विणता येत नाही, पण बाजारावर घारीसारखा फिरतो. कुठला माल संपत आलाय, कुणाला कशाची गरज आहे, हे हेरायचं, उचलायचं आणि गरजवंतालाच तिप्पट भावाने विकायचं. शिकलेली माणसं याला धंद्याची नजर म्हणतात. म्हणू देत बापडी. साध्या भाषेत याला दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं म्हणतात.

"वन्सं, तुम्ही फोटो टाकताना काही दाबलंत का?"

"मी? मी फोटो काढते, वहिनी, दाबादाबी तुमच्याकडे. बघू."

वन्संनी चष्मा लावला. जुन्या मांडणीतलं 'लगेच घ्या' तसंच्या तसं चालू राहून गेलं होतं.

"म्हणजे चोराला कडी मीच काढून दिली," लोकरवाली म्हणाली.

"कडी काढलीत, पाट मांडलात, वर चहाही घेतलात."

तिने सुवर्णसंधीला लिहिलं की हा माल राखीव आहे, चूक माझी, कृपा करून सोडा. त्याचं उत्तर आलं, "राखीव वगैरे बाजाराच्या नियमात नाही. तुमच्या दादांना एवढंच हवं असेल तर माझ्याकडून घेऊ दे. भाव मी सांगेन."

"मेल्या!" ती फोनवरच ओरडली. "पोरगी तिकडे माळावर कुडकुडेल आणि हा भाव सांगेल!"

विक्री मोडता येत होती. बटण समोरच होतं. पण खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: विक्री मोडल्यास 'विश्वासू' पट्टी जाईल आणि तुमचा माल मागच्या पानांवर टाकला जाईल. मागच्या पानांवर कोण येतं? रस्ता चुकलेला.

लोकरवालीचं बोट तिथेच अडलं. पट्टी तिची एकटीची असती तर तिने कधीच झुगारून दिली असती. पण भिंतीवर घड्याळ मागे चालत होतं आणि खाली वन्सं बसल्या होत्या.

"वन्सं, तुम्हीच सांगा."

वन्सं सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पट्टीवर काय लिहिलंय?"

"विश्वासू."

"आणि तुम्ही त्या माणसाला काय म्हणालात?"

"शब्द दिला म्हणाले."

"मग शब्द मोडून ती पट्टी मिरवायची म्हणजे नाक कापून नथ सांभाळायची. दाबा."

"वन्सं, पण तुमची—"

"दाबा म्हटलं ना! नाहीतर मी दाबते, आणि मला कुठलं दाबायचं ते कळत नाही. दुकानच उडवून टाकेन."

लोकरवालीने दाबलं. हिरवी पट्टी डोळ्यांदेखत गेली. कुणी मेलं नाही. तिने नवी मांडणी केली, अगदी कोऱ्या पानावर, बटण बंद आहे ना हे दोघींनी आळीपाळीने बघितलं, आणि दुपारी शीतगृहवाल्या दादाने बोली लावली. पार्सल वन्संनी बांधलं. सुतळीही आणि चिकटपट्टीही. त्या दिवशी त्यावरून कुणी भांडलं नाही.

संध्याकाळी सुवर्णसंधीचा अभिप्राय उगवला, सगळ्या जगाला दिसेल असा: 'मी पूर्ण भाव देत असताना ह्या बाईने माल काढून घेतला आणि ज्याला आधी शब्द दिला होता त्यालाच दिला. हिच्यापासून सावध राहा.'

वन्संनी तो मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "वहिनी, अहो, ह्या गाढवाने फुकटात आपली पाटी रंगवून दिली!"

त्यांनी स्वतः बसून, टंकलेखनाच्या जुन्या सवयीने दहा बोटांनी, दुकानाच्या माहितीत तीच ओळ जशीच्या तशी टाकली.

पहिले काही आठवडे विक्री मंदावली, खोटं कशाला बोला. पण विणणाऱ्या बायका गप्पिष्ट, आणि विणणारे बाप्ये त्यांच्याहून गप्पिष्ट. हळूहळू निरोप यायला लागले. "ज्यांच्यापासून सावध राहायचं त्या तुम्हीच का? मग माझ्यासाठी चार गुंडे ठेवा." मागच्या पानांवर माणसं वाट शोधत यायला लागली. दादाचाही फोटो आला. मोकळ्या माळावर तीन पायांच्या यंत्रापाशी एक थोराड पोरगी उभी, पारवा स्वेटर, दोन्ही बाह्या एका रंगाच्या. खाली लिहिलं होतं, "ताई, आधीची बाही कुठली आणि मागून विणलेली कुठली, ओळखा." लोकरवालीने फोटो मोठा करून खूप बघितलं. तिला ओळखता आलं नाही. असा हरल्याचा आनंद तिला आयुष्यात फार वेळा झाला नव्हता.

आणि मग एके दिवशी, नाव बघून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, सुवर्णसंधीचा निरोप आला. त्याला हस्तिदंती लोकरीचं अख्खं खोकं हवं होतं. लिहिलं होतं, "पैसे जमवायला चार दिवस लागतील. तोवर माझ्यासाठी राखून ठेवाल का? दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"बघा," वन्सं म्हणाल्या, "दरवडेखोरालाही तिजोरी प्रामाणिकच लागते. द्या उत्तर, चांगलं झणझणीत."

लोकरवालीने थोडा विचार केला आणि लिहिलं, "ह्या खोक्यासाठी एका आजींना आधीच शब्द दिलाय. त्यांनी नको म्हटलं तर तुमचा नंबर. थांबायचं असेल तर थांबा."

फोनवर मग अक्षरं उमटली.

"थांबतो."

"थांबतोय हो मेला!" वन्सं म्हणाल्या आणि सुतळीचा गुंडा पुढे ओढला. "पण वहिनी, आजींनी नकोच म्हटलं तर?"

"तर त्याला द्यायचं. शब्द दिलाय."

"बरं. त्याच्या पार्सलाला चिकटपट्टी लावू. सुतळी माणसांना."